लोणारच्या पाण्यात कोण राहतं?

लोणारच्या सरोवरात मासा टिकत नाही. धारेचं गोडं पाणी जिथे येऊन मिळतं तेवढा कोपरा सोडला, तर बाकीच्या पाण्यात ना मासा, ना कमळ, ना शिंगाडा. गुरं त्या पाण्याला तोंड लावत नाहीत. आणि तरीही वर्षातले बरेच महिने हे पाणी गडद हिरवं असतं. काठाच्या चिखलात शेकाटे आणि टिटव्या चरत असतात, टिबुकल्या बुड्या मारतात, हिवाळ्यात बदकं उतरतात, एखाद्या वर्षी रोहित पक्षीही येतात. एवढ्या तोंडांना खायला घालणारं त्या पाण्यात आहे तरी कोण?

वर काठावर येऊन उभा राहणारा पाहुणा हे विचारत नाही. तो उल्केविषयी विचारतो, आणि त्यात त्याची चूक नाही. दख्खनच्या काळ्या बेसाल्टमध्ये पडलेला सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा आणि जवळजवळ दीडशे मीटर खोल असा हा वाटोळा खड्डा पाहिला की आधी आकाशाकडेच लक्ष जातं. १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. पुढे दीडशे वर्षं हे ज्वालामुखीचं तोंड की उल्केचा आघात, यावर वाद चालला. विवराच्या तळातून काढलेल्या खडकात प्रचंड आघातानेच तयार होणारी मॅस्केलिनाइट ही काच सापडली आणि १९७३ साली तो वाद बहुतेक मिटला. वयाचा हिशेब मात्र दोन तऱ्हांचा आहे. एका पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षं निघालं, तर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अरगॉन-पद्धतीच्या मोजणीने ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षांवर नेलं. यावर मराठीत पुष्कळ लिहून झालं आहे. उल्का काही क्षणांत आली आणि संपली. त्यानंतरच्या हजारो वर्षांत त्या खड्ड्यात जे राहायला आले, त्यांच्याविषयी मला लिहायचं आहे. त्यांच्यातला सर्वांत मोठा जेमतेम डासाएवढा आहे आणि बाकीचे डोळ्यांना दिसतच नाहीत.

आपली जंतूंशी ओळख झाली ती रोगामुळे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, हाफकिन यांनी तिथेच लस तयार केली, आणि तेव्हापासून घराघरांत जंतू म्हणजे धुऊन, उकळून, मारून टाकायची गोष्ट झाली. ती भीती खोटी नव्हती. तिने लाखो जीव वाचवले. पण माणसाला आजारी पाडणारे जंतू एकूण सूक्ष्मजीवांत नगण्य आहेत. बाकीचे काय करतात हे पाहायला लोणारइतकी मोकळी जागा दुसरी नाही, कारण इथे मोठ्या जिवांनी माघार घेतली आहे आणि सगळा कारभार लहानांच्याच हाती आहे.

या पाण्याचा सामू साडेनऊ ते साडेदहाच्या दरम्यान असतो. शेतकऱ्याला मातीपरीक्षणाच्या कागदावरून सामू ठाऊक असतो: सात म्हणजे ना आंबट ना खारं, साडेआठच्या वर गेला की जमीन चोपण होऊ लागते. सामूचा एक आकडा वाढला की खारेपणा दहापट होतो. म्हणजे आठ सामूच्या विहिरीपेक्षा दहा सामूचं हे पाणी शंभरपट अल्कधर्मी. त्यात हात घातला तर बोटं बुळबुळीत होतात, साबण लागल्यासारखी.

हा खार आला तो खडकातून. पावसाचं पाणी बेसाल्ट झिजवतं, त्यातलं सोडियम आणि कॅल्शियम घेऊन खाली उतरतं. विवराला बाहेर जायची वाट नाही. धार, रामगया, सीता न्हाणी हे झरे आत येतात. बाहेर जाणारा ओढा एकही नाही. वऱ्हाडचा उन्हाळा पाणी उडवून नेतो आणि क्षार मागे ठेवतो. कॅल्शियम चुनखडीच्या रूपात तळाशी बसतं. सोडियम पाण्यातच राहतं आणि कार्बोनेटशी जोडी जमवून सोडा बनतं. सुरुवात खडकाने केली, हे खरं. पण हा खार इतकी वर्षं टिकवण्यात जंतूंचाही हात आहे. वरच्या थरातले हिरवे जंतू प्रकाशसंश्लेषणासाठी पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात, त्यामुळे सामू चढतो. तळाच्या गाळात राहणारे काही जंतू ऑक्सिजनऐवजी सल्फेटवर श्वास घेतात, आणि त्या खटाटोपातही अल्कता वाढते. उन्हाळ्यात काठाच्या काळ्या चिखलाला सडक्या अंड्यांचा वास मारतो, तो याच सल्फेटवाल्यांच्या उच्छ्वासातला हायड्रोजन सल्फाइड. येणारा माणूस नाक दाबून पाणी घाण झालं म्हणतो. खरं तर तो वास सरोवर जिवंत असल्याची खूण आहे.

माणसाला या खाराची किंमत फार आधी कळली होती. अकबराच्या काळात अबुल फझलने 'आईन-ए-अकबरी'त मेहकरच्या या मुलखाचा उल्लेख करताना काच आणि साबण करायला लागणारा माल इथे मिळतो असं लिहून ठेवलं. उन्हाळ्यात पाणी मागे हटलं की काठावर पांढरी साय धरायची, ती खरवडून गोळा करायची. त्या खाराच्या प्रतींना नावं होती: पापडी, दल्ला, खुप्पल, भुस्की. साबणाला, कापड रंगवण्याला, बांगड्यांच्या काचेला हा माल जायचा. दैत्यसूदनाच्या देवळात विष्णूने मारलेल्या असुराची कथा सांगतात, कमळजादेवीला नवरात्रात जत्रा भरते, देवीजवळच्या सासू-सुनेच्या विहिरीचं पाणी एका बाजूला गोडं आणि एका बाजूला खारं लागतं म्हणतात. देव, दैत्य, व्यापार, सगळे या खाराभोवती जमले. जंतूंची दखल तेवढी राहून गेली.

* * *

सरोवराचा हिरवा रंग मुख्यतः आर्थ्रोस्पायरा या नील-हरित जंतूचा असतो. औषधाच्या दुकानात स्पायरुलिना नावाच्या गोळ्या मिळतात, त्या याच कुळातल्या. सूक्ष्मदर्शकाखाली हा जंतू स्क्रूसारखा पिळदार धागा दिसतो. गोड्या पाण्यातली शेवाळं ज्या सामूला मरतात त्या सामूला तो जोमाने वाढतो, आणि वाढताना प्रतिस्पर्धी कोणी नसतो. सोडा-सरोवरं जगातल्या सर्वांत सुपीक पाण्यांत मोडतात, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला पटलं नव्हतं. ज्या पाण्यात काही उगवत नाही ते सुपीक कसं? पण कार्बनचा एवढा साठा साध्या तळ्यात नसतो. कार्बोनेट भरपूर, ऊन भरपूर. दुपारी या जंतूंच्या प्रकाशसंश्लेषणाने वरच्या पाण्यात ऑक्सिजन उतू जातो. रात्री तेच जंतू श्वास घेतात आणि तो झपाट्याने खाली येतो. पाणी इतकं गच्च हिरवं होतं की थोडंसं खोल गेलं की प्रकाश संपतो. त्याखाली वेगळं जग सुरू होतं.

ते वेगळं जग शोधायला पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातल्या संशोधकांनी बरीच वर्षं दिली. २००६ साली त्यांच्या गटाने लोणारच्या गाळातला आणि पाण्यातला डीएनए वाचून तिथल्या जंतूंची यादी प्रसिद्ध केली. यात मेख अशी की बहुतेक जंतू प्रयोगशाळेत वाढवताच येत नाहीत, त्यामुळे त्यांचा नुसता डीएनए हाती लागतो. कोण आहे हे कळतं, काय करतो हे कळत नाही. म्हणून त्यांनी ब्रिटनमधल्या संशोधकांबरोबर पुढचा प्रयोग केला, आणि तो मला फार आवडतो. कार्बनचा एक जड प्रकार असतो, कार्बन-१३. तो वापरून तयार केलेला मिथेन, मिथेनॉल आणि मिथिलअमाइन त्यांनी लोणारच्या गाळाला खाऊ घातला. ज्या जंतूंनी ते खाल्लं त्यांच्या डीएनएमध्ये जड कार्बन शिरला. मग सगळा डीएनए वेगाने फिरवला की जड डीएनए खाली आणि हलका वर. खाली बसलेला वाचला की गाळातल्या गर्दीत नेमकं कोण जेवलं ते समजतं. २०१० मध्ये हे काम प्रसिद्ध झालं.

मिथेन खाणाऱ्यांचं महत्त्व असं की सरोवराच्या तळाशी मेलेल्या आर्थ्रोस्पायराचा ढीग साचत असतो. तो कुजवणारे जंतू शेवटी मिथेन तयार करतात. हवेत गेला तर हा वायू उष्णता धरून ठेवण्यात कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी जोरदार. वाटेत जे जंतू तो खाऊन टाकतात ते आकाशाचं ओझं तेवढं कमी करतात. त्यांचे शेजारी मिथेनॉल आणि मिथिलअमाइनवर जगतात. अशाच एका जंतूचं नाव आज मिथायलोफेगा लोनारेन्सिस आहे. सेसेम्बिया लोनारेन्सिस हा दुसरा. त्याचं कुळनाव हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेच्या आद्याक्षरांवरून पडलं. बॅसिलस लोनारेन्सिस तिसरा. इंडिबॅक्टर ही अख्खी प्रजातीच लोणारच्या पाण्यातून जगापुढे आली. बुलढाणा जिल्ह्यातल्या एका गावाचं नाव जगभरच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या कोशात कायमचं नोंदलं गेलं आहे, आणि जिल्ह्यातल्या किती शाळांत हे मुलांना सांगितलं जातं हा विचार मला अस्वस्थ करतो.

अशा पाण्यात हे जंतू जगतात कसे? बाहेर सामू दहा असला तरी पेशीच्या आत तो इतका चढू देऊन चालत नाही. आतली रसायनं बिघडतील. म्हणून या जंतूंच्या आवरणात सोडियम बाहेर फेकून हायड्रोजन आयन आत घेणारे पंप असतात आणि ते अहोरात्र चालतात. काहींनी तर पोहण्यासाठी शेपटी फिरवायलाही सोडियमचाच जोर वापरला आहे. बाहेरच्या मिठाने पेशीतलं पाणी ओढून नेऊ नये म्हणून काही जंतू एक्टोइनसारखे पदार्थ आत साठवतात. कपडे धुण्याच्या पावडरीत डाग काढायला जी एन्झाइम्स घालतात, त्यांतली बरीचशी अशाच खारप्रेमी बॅसिलस जंतूंकडून घेतलेली असतात, कारण साबणाच्या पाण्यात बहुतेक इतर एन्झाइम्स टिकत नाहीत. जपानच्या कोकी होरिकोशी यांनी १९६८ पासून या जंतूंचा पिच्छा पुरवला आणि त्यातून या उद्योगाला मोठं बळ मिळालं. अबुल फझलच्या साबणापासून आजच्या पावडरीपर्यंत मालाचं मूळ असं एकाच तऱ्हेच्या पाण्यात आहे.

* * *

जून २०२० मध्ये टाळेबंदीच्या दिवसांत लोणारचं पाणी गुलाबी झालं. सगळ्या देशाने ते फोटो पाहिले. वनविभागाने पाण्याचे नमुने नागपूरच्या नीरी संस्थेला आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला पाठवले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे लोणारच्या संवर्धनाची जनहित याचिका चालत आलेली होती, तिथेही हा प्रश्न गेला. सुरुवातीला ड्युनालिएला या लालसर शेवाळाचा संशय घेतला गेला. आघारकर संस्थेचे संचालक डॉ. प्रशांत ढाकेफळकर यांनी नंतर निष्कर्ष सांगितला: रंग हॅलोआर्कियांचा, म्हणजे मिठाच्या पाण्यात राहणाऱ्या अतिप्राचीन वंशाच्या सूक्ष्मजीवांचा. नमुना हलवला नाही तर गुलाबी गाळ तळाशी बसे आणि वरचं पाणी नितळ होई. पाणी स्वतः रंगलेलं नव्हतं. रंग त्यातल्या जिवांचा होता.

हॅलोआर्किया दिसायला जंतूंसारखे असले तरी त्यांचा वंश जंतूंहून वेगळा आहे. त्यांच्या अंगात लाल-नारिंगी रंगद्रव्य असतं. ते त्यांना प्रखर उन्हापासून वाचवतं, म्हणजे छत्रीचं काम करतं. काहींच्या आवरणात तर सूर्यप्रकाशावर चालणारे पंप असतात. ऊन पडलं की पेशीला ऊर्जा मिळते. त्या वर्षी जूनपर्यंत पाऊस नव्हता, उष्णता होती, माणसांची वर्दळ थांबली होती. पाणी आटून क्षार दाट झाले आणि हिरव्यांना जे सोसेना ते या गुलाबी मंडळींना मानवलं. पावसाळा आला, क्षार पातळ झाले, रंग गेला. इराणमधलं उर्मिया सरोवर अशाच कारणाने लाल होतं.

त्या दिवसांत कित्येकांनी हा चमत्कार मानला, कित्येकांनी प्रदूषण. मला त्यात दिसलं ते असं, की वर्षानुवर्षं त्याच पाण्यात अगदी थोड्या संख्येने राहून वाट पाहणारे जीव असतात. त्यांचा हंगाम आला की ते काही आठवड्यांत अख्खं सरोवर व्यापतात, हंगाम गेला की पुन्हा माघार घेतात. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणारला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. नांदूर मध्यमेश्वरनंतर महाराष्ट्रातलं ते दुसरं. कागदावर ते पाणथळ जागेचं संरक्षण आहे. प्रत्यक्षात ज्यांचं संरक्षण करायचं ते बहुतेक रहिवासी संरक्षणाच्या कोणत्याच यादीत नाहीत.

मासा नाही म्हणून त्याची जागा कीटक घेतात. सोडा-सरोवरांच्या काठी माश्यांच्या आणि न चावणाऱ्या चिलटांच्या अळ्या चिखलात राहतात, कुजलेले जंतू खातात. पाण्यात रोटिफर नावाचे सूक्ष्म प्राणी आर्थ्रोस्पायराचे तुकडे गिळतात. शेकाट्याची लांब सरळ चोच चिखलात जाते ती या अळ्यांसाठी. लहान रोहित पक्षी थेट आर्थ्रोस्पायराच गाळून खातो. चोच उलटी धरून पाणी आत घेतो, जिभेने बाहेर ढकलतो, आणि चोचीतल्या झालरीत जंतू अडकतात. त्याच्या पिसांचा गुलाबी रंग या खाण्यातल्याच रंगद्रव्यांतून येतो. आफ्रिकेतल्या नकुरू आणि बोगोरिया सरोवरांवर लाखो रोहित याच जंतूवर पोसले जातात. जंतू, अळी, पक्षी एवढ्या तीनच पायऱ्या. मधे मासा असता तर पक्ष्यांच्या वाट्याचं बरंचसं त्यानेच खाल्लं असतं.

* * *

विवराच्या उतारावर सागवान आणि झुडपी जंगल आहे, आणि त्यात जागोजाग वारुळं. वाळवीला शेतकरी शत्रू मानतो, आणि घराच्या चौकटीत ती शत्रूच आहे. पण रानात पडलेलं लाकूड आणि वाळलेलं पान पुन्हा मातीत घालणारी तीच. तिच्या आतड्यातले सूक्ष्मजीव नसतील तर तिला लाकूड पचत नाही. आपल्याकडची बरीच वाळवी तर वारुळात बुरशीची शेती करते. पावसाळ्यात वारुळावर येणारी अळंबी ही त्याच शेतीची. माती खाणाऱ्या काही आफ्रिकी वाळव्यांच्या आतड्याच्या एका भागाचा सामू बाराच्या पुढे गेलेला मोजला आहे. सजीवाच्या शरीरात याहून खारी जागा माहीत नाही.

काठावर चढून आलं की शेतं सुरू होतात. लोणार, मेहकर, चिखलीकडे सोयाबीन, तूर आणि कपाशीही, रब्बीत हरभरा. आणि इथे सरोवराशी या शेतांचं एक नातं निघतं, जे मला कळल्यापासून मनातून जात नाही. पतंगाच्या अळीच्या मधल्या आतड्याचा सामूही नऊ-दहाच्या घरात असतो, कधी त्याहूनही वर. कपाशीवरची बोंडअळी, हरभऱ्यावरची घाटेअळी, सोयाबीनवरची पाने खाणारी अळी, सगळ्यांच्या पोटात लोणारइतकाच खार आहे. माणसाचं जठर आंबट, अळीचं आतडं खारं. आपल्या शेतातल्या जैविक कीडनियंत्रणाच्या दोन मोठ्या युक्त्या या एकाच गोष्टीवर उभ्या आहेत.

पहिली बीटीची. बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा मातीतला जंतू. १९०१ मध्ये जपानच्या इशिवाता यांना तो मेलेल्या रेशीमकिड्यांत सापडला. १९११ मध्ये जर्मनीच्या थुरिंजिया प्रांतात बर्लिनर यांना पिठातल्या पतंगाच्या अळीत. या जंतूत प्रथिनाचा एक स्फटिक असतो. तो आंबट पोटात विरघळत नाही, खाऱ्या आतड्यात विरघळतो, आतड्याच्या भिंतीला छिद्रं पाडतो आणि अळी खाणं सोडून मरते. या प्रथिनाचं जनुक कपाशीत घातलेलं वाण भारतात २००२ मध्ये आलं, दोन जनुकांचं २००६ मध्ये. हिरव्या बोंडअळीला त्याने आवरलं. गुलाबी बोंडअळी मात्र सावकाश सरावली. बियाण्याच्या पाकिटासोबत बिगर-बीटी 'रेफ्युजी'ची छोटी पुडी येई. ती शेताच्या कडेने पेरायची होती, म्हणजे बीटीला न सरावलेल्या अळ्याही थोड्या जगतील आणि सरावलेल्यांशी त्यांचा संकर होत राहील. ती बहुतेकांनी पेरली नाही. कमी जमीन असलेल्या माणसाला किडीसाठी चार ओळी सोडा हे पटवून सांगायला कोणी बांधावर गेलंही नाही, म्हणून मी दोष शेतकऱ्याला देणार नाही. त्यात डिसेंबरनंतर पाणी देऊन फरदड, म्हणजे त्याच झाडांचं पुढचं पीक, राखली की अळीला बारमाही खाणं मिळतं. २०१७ च्या हंगामात विदर्भाने डोमकळ्या, म्हणजे अळीमुळे न उमलणाऱ्या कळ्या, पाहिल्या; बोंडं फोडली तर आत किडका कवडी कापूस. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले.

दुसरी युक्ती विषाणूची, आणि ती मला जास्त देखणी वाटते. घाटेअळीचा स्वतःचा एक विषाणू आहे, एचएएनपीव्ही. तो प्रथिनाच्या कवचात बंद असतो. अळीच्या खाऱ्या आतड्यात कवच विरघळतं आणि विषाणू सुटतो. आजारी अळी झाडाच्या शेंड्याकडे चढते, मागच्या पायांनी धरून डोकं खाली करून लोंबते, आणि फुटते. तिच्या अंगातून खालच्या पानांवर कोट्यवधी नवे विषाणू सांडतात, ते दुसऱ्या अळ्या खातात. माणसाला, गुराला, मधमाशीला त्यापासून काहीच होत नाही. याची फवारणी संध्याकाळी करायची, कारण उन्हात विषाणू मरतो. त्याच कारणाने द्रावणात थोडी नीळ घालायला सांगतात. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या शिफारशींत हे, निंबोळी अर्क, कामगंध सापळे आणि पक्षीथांबे वर्षानुवर्षं आहेत.

सोयाबीनवर २००८ च्या खरिपात विदर्भात पाने खाणाऱ्या अळीचा मोठा उद्रेक झाला होता. ओल्या ऑगस्टमध्ये अशा शेतात बारकाईने पाहिलं तर काही अळ्या पानावर पांढऱ्या, कडक, खडूसारख्या होऊन चिकटलेल्या सापडतात. ते बुरशीचं काम. कोणी आणलेली नसते ती, मातीतच असते. पण बुरशीनाशक आणि कीटकनाशक एकाच पंपात मिसळून मारलं की आधी मरते ती हीच बुरशी. ट्रायकोग्रामा हा अर्ध्या मिलिमीटरचा गांधीलमाशीचा नातलग पतंगाच्या अंड्यातच आपलं अंडं घालतो. एका ट्रायकोकार्डावर असे सुमारे २० हजार जीव असतात. फवारा बसला तर तेही जातात. मग कपाशीवर मावा आणि पांढरी माशी माजते, कारण त्यांना खाणारा ढालकिडा उरलेला नसतो. आणि माव्याच्या पोटातही एक जंतू आहे, बुक्नेरा, जो झाडाच्या रसात नसलेली अमिनो आम्लं त्याला बनवून देतो. ही जोडी १० कोटी वर्षांहून जुनी आहे. एकाशिवाय दुसरा जगत नाही. किडा आणि जंतू असे वेगळे काढताच येत नाहीत.

वरच्या शेतात जे फवारलं, जे खत टाकलं, त्यातलं काही पावसाच्या पाण्याबरोबर विवरात उतरतं. गावाचं सांडपाणीही तिथेच उतरत आलं आहे. न्यायालयात त्यावर पुष्कळ चर्चा झाली. सरोवराचं पाणी कुठेच जात नसल्याने आत गेलेलं आतच राहतं. पण मला विषापेक्षा जास्त भीती गोड्या पाण्याची वाटते, आणि हे लोकांना पटवणं अवघड जातं. पाणी वाढलं की आपल्याला आनंद होतो. भरपूर पावसाच्या वर्षांनंतर पाणी कमळजादेवीच्या देवळापर्यंत चढतं, तसं अलीकडे चढलेलं जिल्ह्याने पाहिलं आहे. पावसाने आलेलं पाणी सरोवर पुढच्या उन्हाळ्यांत उडवून टाकू शकतं. त्याची त्याला हजारो वर्षांची सवय आहे. सांडपाणी आणि पाझर मात्र बारा महिने येतात. सामू दहावरून नऊवर, नऊवरून साडेआठवर उतरत गेला तर आर्थ्रोस्पायराची मक्तेदारी संपेल, साधी शेवाळं येतील, मग मासे टिकू लागतील. ज्या वर्षी लोणारच्या मधल्या पाण्यात मासे वाढताना दिसतील त्या वर्षी कोणीतरी ती चांगली बातमी म्हणून छापेल. मिथायलोफेगा आणि सेसेम्बियाला त्या पाण्यात जागा नसेल.

हे रोखायला फार मोठा खर्च लागत नाही. गावाचं सांडपाणी विवरात पोचण्याआधी अडवून शुद्ध करायचं आणि दुसरीकडे शेतीला वळवायचं. विवराच्या काठालगतच्या शेतांत हरभऱ्याला विषाणूची आणि कपाशीला ट्रायकोकार्डाची सोय आधी पोचवायची, म्हणजे फवाऱ्याचं विष खाली कमी जाईल. आणि पक्षी मोजतात तसं हे पाणीही मोजायचं. महिन्यातून एकदा, ठरलेल्या चार ठिकाणांहून चार बाटल्या भरायच्या. सामूचा आकडा वहीत लिहायचा, थेंब काचपट्टीवर घ्यायचा. आर्थ्रोस्पायराचा पिळदार धागा शंभरपट मोठं करणाऱ्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली स्वच्छ दिसतो, आणि तसा सूक्ष्मदर्शक कोणत्याही विज्ञान महाविद्यालयाच्या कपाटात असतो. नववीतल्या मुलीलाही धाग्यांचे पीळ मोजता येतात. लोणारच्या शाळांनी ही वही या हिवाळ्यात सुरू केली, तर पुढच्या पावसाळ्याआधी पाणी आटतं आणि क्षार दाट होतो त्या काळाच्या नोंदी तिच्यात आलेल्या असतील.